कृपया खुलासा व्हावा

आमच्या साडूभाऊंनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं एकही वाक्य पहिल्या झटक्यात मान्य केलेलं नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. वय सत्तावन्न, अंगकाठी बेताची आणि संशय दांडगा. पिंपळे सौदागरला आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये आमच्या समोरच्याच दारात राहतात आणि भोसरीच्या एका खासगी रुग्णालयात बावीस वर्षं फाइली वाचतात. पेशंट घरी गेला की त्याची फाइल यांच्या टेबलावर येते. डॉक्टरांनी काय लिहिलं, काय लिहायचं राहिलं, ते शोधायचं आणि राहिलेल्या जागेबद्दल डॉक्टरांना चिठ्ठी पाठवायची : 'कृपया खुलासा व्हावा.' काम एवढंच. पण हे काम संध्याकाळी रुग्णालयातच ठेवून घरी यावं, हे त्यांना कधी जमलं नाही.

आमचा वॉचमन परभणीकडचा. एकदा तो सांगायला आला, "साहेब, बी विंगला पाणी न्हाई." साडूभाऊंनी चष्मा लावला. "कधीपासून नाही? अजिबात नाही, की दाब कमी आहे? सगळ्या मजल्यांना, की वरच्यांनाच?" वॉचमनने माझ्याकडे आशेने पाहिलं. मीही त्या वेळी पायाला साबण लावून उभा होतो. "आवो साहेब, नळ सोडला अन् पाणीच येईना, आता अजून काय सांगू?" साडूभाऊ म्हणाले, "हे लक्षण झालं. निदान नव्हे." शेजारचे एक आजोबा गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो. मुलगा रडत म्हणाला, "हृदय बंद पडलं हो!" साडूभाऊंनी त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "ते सगळ्यांचंच पडतं. कारण काय लिहिलंय?" पुढचा महिनाभर त्या घरात आमच्या दोघांशीही कोणी बोलत नव्हतं.

त्या चिठ्ठीचा एक कडक नियम आहे. प्रश्नातच उत्तर असता कामा नये. 'हा न्यूमोनियाच ना?' असं विचारायचं नाही, कारण घाईतला डॉक्टर 'हो' म्हणून सही ठोकतो आणि मोकळा होतो. दिसतंय ते मांडायचं आणि मत विचारायचं. साडूभाऊंनी हा नियम संसारालाही लावला. 'चहा करतेस का?' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. ते म्हणतात, "आत्ता साडेचार वाजलेत. सकाळपासून चहा एकदाच झालाय. याबाबत तुझं मत काय?" अक्का भाजी निवडता निवडता म्हणतात, "माझं मत, पातेलं खालच्या कप्प्यात आहे." वीस-बावीस वर्षं हे असंच चाललंय आणि चहा बहुतेक वेळा साडूभाऊच करतात.

रुग्णालयात मात्र त्यांची डाळ फारशी शिजत नसे. तिथे एक मोठे सर्जन आहेत. चाकणच्या कारखान्यांतून चिरडलेली बोटं, तुटलेले अंगठे त्यांच्याकडेच येतात आणि हात जोडून देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. लिहिण्याच्या नावाने मात्र शंख. 'हाताला जखम. टाके घातले.' झालं. कोणता हात? साडूभाऊ चिठ्ठी पाठवत, ती कचऱ्याच्या डब्यात जाई. पुन्हा पाठवत. एकदा सर्जन वैतागून म्हणाले, "पेशंटला माहीत आहे, मला माहीत आहे. तुम्हाला कशाला हवाय? तुम्ही कोण विचारणारे?" साडूभाऊ म्हणाले, "साहेब, पेशंट कामावर जाईल. तिथल्या डॉक्टरसमोर हा कागदच असेल. त्याने चुकीचा हात बरा धरला आणि गड्याला परत प्रेस मशीनवर उभं केलं, तर?" सर्जन ऐकायला थांबले नव्हते. हे सांगताना साडूभाऊंचा आवाज अगदी सपाट होता, म्हणून मला समजलं की त्यांना फार लागलंय.

अशात गेल्या वर्षी रुग्णालयाने फतवा काढला. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवण्याचा अधिकार यापुढे क्लिनिकल डॉक्युमेंटेशनची, म्हणजे रुग्णांच्या नोंदी तपासण्याची, परीक्षा पास झालेल्यांनाच. बाकीच्यांनी तळमजल्यावर जाऊन फाइली स्कॅन करायच्या. पगार तोच. अक्का म्हणाल्या, "मग बिघडलं काय? निवृत्तीला दोन वर्षं राहिली. बसा की गार हवेत." साडूभाऊ जेवता जेवता थांबले. "तिथे कागद सरळ आहे की उलटा, एवढंच बघायचं असतं," ते म्हणाले. "वाचायचं नसतं." त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघतो. आमच्याकडे व्हर्नियरला, म्हणजे मापं घ्यायच्या साध्या पट्टीलासुद्धा, दरवर्षी सर्टिफिकेट लागतं. मुदत संपली की तो लाल पेटीत जातो, मग माप कितीही अचूक देवो. ऑडिटर आला की आधी सर्टिफिकेटचं स्टिकर बघतो. एवढं समजत असल्यामुळे मी साडूभाऊंना म्हटलं, तुम्ही परीक्षेला बसाच. त्याची शिक्षा म्हणून दर रविवारी प्रश्न वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं.

"रुग्णाला ताप आहे व धाप लागते," मी वाचायचो. "पुढीलपैकी योग्य पर्याय निवडा."

"ताप किती?"

"दिलेलं नाही."

"धाप चालताना की बसल्या जागी?"

"साडूभाऊ, दिलेलं नाही!"

"मग प्रश्न अपुरा आहे. काढणाऱ्याला कळवायला हवं."

वाकडच्या केंद्रावर परीक्षा झाली. आजूबाजूला सगळी पंचविशीतली पोरं-पोरी. साडूभाऊ नापास झाले. बावीस वर्षं ज्याने डॉक्टरांच्या चुका काढल्या तो माणूस नापास कसा होतो, हे मला कळेना. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. जिथे जिथे 'डॉक्टरांकडून खुलासा मागवावा' असा पर्याय होता, तिथे यांनी डोळे झाकून तोच निवडला होता.

"आणि जिथे नव्हता?"

"तिथे मोकळं सोडलं. माहिती पुरेशी नसताना मत देणं बरोबर नाही."

मला हसू आवरेना. पण ते हसत नव्हते. तळमजल्यावर जायला दोन महिने उरले होते आणि परीक्षेची एकच संधी शिल्लक होती. शेवटी मी त्यांचंच हत्यार काढलं. "साडूभाऊ, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग प्रश्नात ताप किती ते लिहिलेलं नाही. म्हणजे तो नाहीच. लिहिलंय तेवढ्यावर उत्तर द्या." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन प्रश्न स्वतः वाचला. मग म्हणाले, "हा मुद्दा ग्राह्य आहे." लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत माझं त्यांनी मान्य केलेलं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या खेपेला ते पास झाले. अक्कांनी श्रीखंड केलं. मी विचारलं, "आनंद झाला ना?" ते म्हणाले, "प्रश्नात उत्तर आहे," आणि वाटी पुढे केली.

सोमवारी ते कामावर गेले. टेबलावर चाकणच्या एका प्रेस ऑपरेटरची फाइल होती. 'हाताला जखम. टाके घातले.' साडूभाऊंनी नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली. फक्त सहीखाली, नव्या नियमाप्रमाणे, परीक्षेचं नाव आलं. बाकी शब्द तेच, अक्षर तेच. दुपारी ते मोठे सर्जन स्वतः रेकॉर्डच्या खोलीत आले. स्टूल ओढून बसले, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "विचारा."

साडूभाऊंनी हात विचारला. सर्जनांनी पेन काढून 'उजवा' असं लिहिलं. कोणकोणती बोटं, तेही लिहिलं. मग विचारलं, "अजून काही?"

"मग तुम्ही काय विचारलंत?" संध्याकाळी हे ऐकताना मी उत्सुकतेने म्हटलं. बावीस वर्षांचा साठा होता माणसाकडे.

"काही नाही," साडूभाऊ म्हणाले. "मला काही सुचेचना हो. ते एवढे बसले होते समोर, आणि मी नुसता मान हलवत राहिलो."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग कोणाचा, ते सांगता येणार नाही. हेच स्टूल त्या खोलीत बावीस वर्षं होतं आणि हाच माणूस त्याच्यासमोर बसलेला होता. आता सर्जन आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे येतात म्हणे, आणि साडूभाऊ आदल्या दिवशी प्रश्न नीट लिहून ठेवतात. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिलेत. ते महिने सावकाश जावेत, असं मला फार वाटतं.