आबांची बंदूक मिटायचं कोण?

त्या दुनळी बंदुकीचा हिसका माझ्या मनगटाला अजून आठवतो. शिरोळ भागातल्या एका ठाण्यात मी तेव्हा नवीन फौजदार होते. कडक इस्त्री, घट्ट अंबाडा, आणि आपल्याला कळत नाही असं जगात काही नाही हा समज. आज ती पोरगी भेटली तर आधी अंबाडा सैल कर म्हणेन.

सकाळीच दूध संस्थेतून फोन आला, "मॅडम, लवकर या. आबानं चुलतभावावर बंदूक झाडली."

आबा म्हणजे सत्तरीतले शेतकरी. उसात रानडुकरं शिरतात म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, वडिलांच्या वेळची, विलायती. भावाचा मळा शेजारीच, आणि पाटाच्या पाण्यावरून दोघांची कुरबुर जुनी. भावाच्या पोटरीत छर्रे घुसले होते, जिवाला धोका नव्हता. दवाखान्यात त्यानं जबाब दिला, "मला बघितलं, बांधावर बसून बंदूक उघडली, काडतुसं भरली, खटक्यात मिटली आन् नेम धरून झाडली."

हे खरं असेल तर सरळ खुनाचा प्रयत्न. म्हातारा उरलेलं आयुष्य कळंब्याच्या तुरुंगात काढणार.

मळ्यावर जाऊन मी बंदूक जप्त केली. रिकामी करायला वरची कळ सरकवली, तर बंदूक मधोमध दुमडून नळ्या फटकन आपोआप खाली झुकल्या. मी दचकून एक पाऊल मागं. एक काडतूस उडालेलं, एक जिवंत, दोन्ही काढली. मग मिटायला गेले तर मिटेना. पंचांसमोर दातओठ खाऊन झाले. शेवटी "पंचनाम्याला उघडीच लागते" असं ठोकून दिलं आणि तान्ह्या पोरासारखी मांडीवर आडवी घेऊन जीपमधून ठाण्यात आले. हवालदार रस्ताभर खिडकीबाहेर बघत होता. हसू लपवत होता, दुसरं काय!

मोडली म्हणून मुख्यालयात शस्त्रं सांभाळणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मोडली नाही, मॅडम. आपोआप उघडणारी आहे ती. आतली कमान उघडताना नळ्यांना ढकलते. मिटताना तीच कमान परत दाबून बसवावी लागते. उघडायला लोणी, मिटायला लोखंड. जोर लावा."

हवालदारानं लावला. मिटली, पण त्याचे कान लाल झाले. रिकामी असल्याचं दिसावं म्हणून मी ती पुन्हा उघडून टेबलावर ठेवली आणि आबांना आत बोलावलं.

"आबा, भावावर झाडली?"

"डुकरावर झाडली. उसात खुसफुस झाली, डुक्कर वाटलं."

"बंदूक कुठं भरली? घरी का बांधावर?"

इथे म्हातारा अडकला. "बांधावरच भरली की."

"मग मिटून दाखवा."

"का? म्या काय सर्कशीतला हाय?"

चहा आला. आबांनी कपाचा कान न धरता तो दोन्ही तळव्यांत उचलला, तोही थरथरत. गुन्हेगाराचे हात कापतात, असं प्रशिक्षणात शिकले होते. झालं, माझी खात्री पटली! बोटांची पेरं सुपारीएवढी सुजलेली समोर दिसत होती, पण मी बघत होते अपराधी चेहरा.

एवढ्यात त्यांची बायको भाकरीचा डबा घेऊन आली. टेबलाकडे लक्ष गेलं आणि म्हणाली, "अगं बया, ही अजून उघडीच?" कुणी हां हां म्हणायच्या आत तिनं दस्ता कमरेला टेकवला, नळ्यांखाली पंजा घातला आणि अंगाचा भार देऊन वर रेटलं. खट्! म्हशीच्या गोठ्याचं दार लावावं तशी मिटली.

आबांनी मान खाली घातली.

"काकू, तुम्हाला हे येतं?"

"येतं म्हंजे? ह्यांची बोटं धरल्यापास्नं मीच मिटते. घरात भरून देते, हे घिऊन जात्यात. आजबी मीच दिली. परवाना ह्यांचा, हात माझा. घाला मलाबी आत!"

"गप की," आबा पुटपुटले.

"का गप? खुनी म्हणून घ्या, पर बायकू बंदूक मिटती म्हणून सांगू नगा. लई शाणं!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जो माणूस बंदूक मिटूच शकत नाही, तो भावाला बघून बांधावर ती भरणार कशी? बंदूक घरूनच तयार होऊन आली होती, नेहमीसारखी. डॉक्टरांकडून आबांच्या हातांचा दाखला घेतला, पंचांसमोर बंदूक मिटायला लावली. त्यांनी जीव तोडून रेटलं, नळ्या अर्ध्यातून परत खाली.

तो कागद घेऊन मी भावाकडे गेले. त्यानं तो वाचून परत माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "पाण्याची पाळी त्येची हुती. मी उसात वाकून त्येचं पाणी माझ्याकडं फोडत हुतो. हे गावाला कळलं असतं तर तोंड कुठं दाखवू, बाई?"

खुनाच्या प्रयत्नाचं कलम गळालं. निष्काळजीपणाचं लागलं, ते लागायलाच हवं होतं. खुसफुशीवर गोळी झाडायची नसते. बंदूक सरकारजमा झाली. काकूंना साहेबांनी समज दिली, त्यांनी साहेबांना ताक दिलं. आबांचा सुधारित जबाब लिहिताना मी घुटमळले, तसे तेच म्हणाले, "लिवा बाई. माझी बंदूक माझी बायकू मिटती. आन् म्हशीपण तीच बांधती, त्येबी लिवा." काकू पदराआड हसल्या.

एकाला पाण्याची लाज, दुसऱ्याला बोटांची, आणि एवढ्यावरून एक म्हातारा तुरुंगाच्या दारात. पुढं नोकरीभर मी कुणालाही आधी चहा देत गेले आणि कप कसा धरतो ते बघत गेले. गुन्हा काय केला हे माणूस कधीतरी सांगतो. लाज कशाची वाटते, ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

आता माझीही पेरं सुजतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण निघत नाही. सुनेला हाक मारते आणि सांगते, "बघ गं, तुझ्यानं उघडतंय का." ती मुकाट्यानं उघडून देते आणि वर म्हणते, "तुम्ही सैल करून ठेवलं होतं, आई."

पोलिसात असायला हवी होती ती.