चेंबरमधला डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही, माझ्या मोबाईलचा पासवर्डसुद्धा तिला पाठ आहे. मग तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही आमच्या कंपनीत नाही, म्हणून असेल.

चाकणच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नव्या पिढीचे सोलर सेल तपासतो. म्हणजे खरं तर छळतो. या सेलमध्ये दोन काचांच्या मध्ये एक पातळ काळा थर असतो. त्याला ऊन प्रिय, पण ओल जरासुद्धा सोसत नाही — लागली की काळ्याचा पिवळा होतो. म्हणून काचांच्या कडा चिकट लेपाने बंद करायच्या आणि सेल हजार तास गरम, दमट चेंबरमध्ये ठेवायचा. काळा राहिला तर पास.

आता मला सांगा — आत पंच्याऐंशी अंश, भरपूर वाफ, खोलीत मी एकटा, आणि दुपारचा एक वाजलेला. माणसाच्या डोक्यात काय येईल?

डबाच येणार! कॅन्टीनचा मायक्रोवेव्ह बंद पडला होता, आणि गार जेवणाचा मला मनस्वी कंटाळा. खालच्या कप्प्यात डबा ठेवायचा, अर्ध्या तासाने काढायचा. भरली वांगी अशी लुसलुशीत व्हायची राव, काय सांगू! आता त्यापायी दार रोज दोनदा उघडायचं, आतल्या काचा गारठायच्या, दार लावलं की त्यांच्यावर थेंब धरायचे — पण तेवढ्याने काय होतंय?

सातशे तासांतच सगळे सेल हळदीसारखे पिवळे झाले.

लेप प्रज्ञाचा होता. पिंपरीच्या एका कामगाराची मुलगी, आमच्याकडे नवीनच लागलेली. लेपाची कृती तिने स्वतः शोधलेली. साहेबांनी आलेख पुढे धरला — रोज एकच्या सुमाराला तापमान का पडतं? मी म्हणालो, "लाईटचा लोच्या आहे सर, एमआयडीसीत व्होल्टेज कुठं स्थिर असतं?" थाप इतकी झकास बसली की क्षणभर मलाच माझं कौतुक वाटलं. मग दोष उरला कुणाचा?

"दादा, माझाच लेप कच्चा निघाला," ती म्हणाली. डोळे भरलेले. मी काय केलं? तिला चहा पाजला. तिची कृती बाद झाली आणि बाहेरून तयार लेप आला.

लाज वाटली का? वाटली ना, खूप वाटली. पण एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी सांगून हसलो असतो.

तिच्या लेपाचा एक सेल उरला होता. पुढच्या चाचणीत, यादीत न लिहिता, तो मी मागच्या कोपऱ्यात सरकवला. सहा आठवडे निमूटपणे गार भाकरी खाल्ली, दाराला हात लावला नाही. हजार तास भरले तेव्हा सेल काढून खिशात टाकला.

आज प्रज्ञा माझी साहेब आहे. मस्त चाललंय तिचं, अजून मला दादाच म्हणते. नवी मुलं आली की त्यांना एक पिवळा सेल दाखवते. "ही माझी पहिली चूक. तेव्हापासून स्वतःची डोकेबाजी बंद!" मुलं हसतात. मीही हसतो — सगळ्यांत मोठ्याने.

खिशात टाकलेला तो सेल दिघीला माझ्या घरी आहे, स्वेटरांच्या खाली. काळाकुळकुळीत आहे. प्रज्ञाचा लेप पक्का होता, आणि हे मला पाच वर्षांपासून माहीत आहे.