चांदण्यात तोडलेला बांबू

राजेशचा गाल फाटला तो माझ्या रंध्यामुळे, बांबूमुळे नाही. हे इतकी वर्षं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

राजेश माझा नागपूरचा मित्र. आम्ही काही जण सुटीच्या दिवशी घरी केलेल्या लाकडी धनुष्यांनी तीर मारतो. काही वर्षांपूर्वी मी केलेलं बांबूचं एक लांब धनुष्य त्यानं पूर्ण ताणलं आणि ते गालापाशी फुटलं. सगळे विचारायला लागले तेव्हा मी म्हणालो, "चांदण्यातला बांबू होता. किडका निघाला." सगळ्यांना पटलं. उजेडी पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते असं आमच्याकडे घट्ट मानतात, म्हणून तोड अंधाऱ्या पंधरवड्यातच करतात. बांबू गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याकडचे शेतकरी दादाराव यांचा होता आणि ते हे मानत नव्हते. मुद्दाम, गावाच्या नाकावर टिच्चून चांदण्यात तोडायचे. माझं खोटं त्यांच्यावर आयतं बसलं.

परवा मित्रांनी, लाकूड फुटतं म्हणून, तयार फायबरची धनुष्यं मागवायचं ठरवलं. मी नाही म्हणालो. लाकूड आपोआप फुटलं नव्हतं, मी फोडलं होतं, हे एकट्या मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी नव्या बांबूसाठी गोंदियाची गाडी धरली.

तिरोडा येण्याआधीच वीज प्रकल्पाची धुराडी दिसू लागली. मागच्या खेपेला ती नव्हती. स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला गाव आणि नाव सांगितलं.

"दादाराव? वो चांदण्यावाले? बैठो सर."

"चांदण्यावाले काऊन म्हणता?"

"अरे, उनका बांबू नागपूर में फूटा था नं. किसी का मुंह फट गया. तब से."

ऑटो चोरखमारा तलावाच्या कालव्यापर्यंत गेला. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (पाणी अडवलेली छोटी शेतं) भरल्या होत्या. उतरताना पाय चिखलात गेला आणि एक चप्पल तिथंच राहिली. एका चपलेनं अंगणात शिरलो.

"या सर," दादाराव म्हणाले. "आता आनखी कोनाचं तोंड फोडाचं हाय?"

"बसू तं द्या मानसाले," त्यांची बायको सुमनबाई आतून म्हणाल्या. "आल्या आल्या सुरू!"

घरामागच्या बांधावर बांबूचं बेट होतं. दादाराव कुऱ्हाडीच्या दांड्यानं एकेक बांबू वाजवत हिंडले. कोवळा नको, वाळका नको. मानवेल (भरीव जातीचा बांबू) निवडला, तोही बेटाच्या कडेचा. पात्यांवरून आमचं जुनंच भांडण निघालं. मुठीच्या वर-खाली वाकतात ती पाती. त्यांना अरुंद, जाड पाती हवीत. मला रुंद आणि चपटी.

"चपटं कराले ते काय भाकर हाय?"

"अरुंद पात्याच्या पोटावर दाब फार येतो, भाऊ. चिरडतं ते."

पोट म्हणजे तीर मारणाऱ्याकडची बाजू. समोरची ती पाठ. सगळा ताण पाठ सोसते, म्हणून तिथं बांबूची साल जशीच्या तशी ठेवायची, पेरासकट. ते फुटलेलं धनुष्य करतानाही मला हे माहीत होतं. पण पेरांचे उंचवटे ओबडधोबड दिसत होते. मी ते रंधून सपाट केले आणि वर पॉलिश चढवलं.

जेवायला भात आणि झिंगे (तळ्यातली बारीक कोळंबी) घातलेली वांग्याची भाजी होती. मुलगा रवीही पंगतीला होता, आता स्वतः शेती बघणारा.

"याले विचारा," दादाराव म्हणाले. "तोडाले अंधाऱ्या पक्षाची वाट पाहते हा. म्हनते, बाबा, तुमच्या हट्टानं एका मानसाचा डोळा जात होता."

घास मी ताटात ठेवला. मी म्हणालो, "बांबूत कीड नव्हती. पाठ मी रंधली. खोटं मी बोललो."

रवीनं मान वर केली. "एकबी भोक नोतं?"

"एकही नाही."

सुमनबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "इतके वर्स बापलेक या घरात भांडून राहिले सर. अन् तुमी नागपुरात झोपून राहिले!"

दादारावांनी ताटातच हात धुतला. "मले माहीत होतं. मले कायले सांगता? ज्याचा गाल फाटला त्याले सांगा. त्याच्या तोंडावर." मग रवीकडे वळून, "आज पक्ष कोनता गा?"

"उजेडी."

"मंग आजच तोडतो."

कुऱ्हाड रवीनं उचलली. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबून बघायला लागले, तसे दादाराव मोठ्यानं ओरडले, "पाहा, पाहा! उजेडी पक्षात तोडतो, अन् दिवसाढवळ्या तोडतो!" बांबू कालव्याच्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवले. पाण्यात मुरला की कीड धरत नाही, चंद्र असो वा नसो.

परतीच्या गाडीत हात रिकामे होते आणि पायात रवीच्या चपला. पुढचं धनुष्य रुंद पात्यांचं करीन आणि त्याच्या पाठीवर एक-एक पेर दिसेल. हसणाऱ्यांनी हसावं. मला माफी मिळाली नाही. मी मागितलीही नव्हती.

राजेशला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे लिहिलेलं तुमच्या हाती पडण्याआधी त्याच्या घरी जाऊन, त्याच्याकडे बघून हे सगळं बोलणं, एवढं मी त्याला देणं लागतो.