जादा कामात एक सानं

बजाजनगरात आम्ही घर बघायला गेलो तेव्हा तिथं घर नव्हतंच. काळ्या मातीवर फक्कीनं मारलेल्या पांढऱ्या रेघा होत्या. वडील एका चौकोनात उभे राहिले आणि म्हणाले, "हा हॉल." मग चार पावलं दक्षिणेकडं चालून, "हे स्वयंपाकघर." आईनं रेघेच्या बाहेर चपला काढल्या आणि मगच ती आत आली. आजूबाजूला उघडा माळ, बाभळीखाली एक शेळी, आणि माझी आई हवेतल्या घरात अनवाणी उभी. मी नऊ वर्षांची होते. हसावं की आपणही चपला काढाव्यात, हे मला कळेना. शेवटी काढल्या.

आम्ही मूळचे करमाडच्या पलीकडचे. शेती होती, पण भावाभावांत वाटून वावभर उरलेली, म्हणून वडील वाळूजच्या एका कंपनीत लेथवर लागले. आई-वडील, मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहत होतो. खोलीचं दार बोळात उघडायचं आणि बोळाच्या दुसऱ्या बाजूला भिंत होती, त्यामुळे दिवसाही बल्ब लावून स्वयंपाक. ऊन म्हणून आत येत नसे.

आईची खरी अडचण त्या उन्हाचीच होती, आणि ती फक्त मला माहीत होती. आईला घड्याळ कळत नव्हतं. गावाकडं तिचं कधी अडलं नाही. आमच्या भागातल्या माळवदाच्या घरांना, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांना, स्वयंपाकाच्या जागेवर एक चौकोनी भोक ठेवतात. त्याला सानं म्हणतात. धूर त्यातून वर जातो आणि ऊन त्यातून खाली येतं. उन्हाचा तो कवडसा भिंतीवरून उतरून जमिनीवरून सरकत जातो, आणि घरातली बाई त्याच्याकडं बघून भाकरी कधी टाकायच्या ते ठरवते. आई अशा सान्याखाली लहानाची मोठी झाली, अशाच सान्याखाली नांदायला आली. मग आली पत्र्याच्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळासमोर.

ते घड्याळ ती रोज पदरानं पुसायची. पिठाचे हात वर धरून मला म्हणायची, "माय, बघ बरं, किती वाजले?" जणू हात गुंतलेत म्हणून विचारतेय. मी एकदा शहाणपणा करून तिला शिकवायला बसले. मोठा काटा, छोटा काटा. तिला आकडे येत होते, पण आठवर असलेल्या काट्याला चाळीस का म्हणायचं, हे तिला पटेना. "आठाला आठच म्हणावं माणसानं," ती म्हणाली, आणि पुढं दटावून म्हणाली, "ह्यांना सांगू नको हं. गळ्याची शपथ." मी गळ्याला हात लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पहिल्या पाळीला पहाटे मशिदीतली बांग तिला उठवायची. घोळ व्हायचा तो दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात. वडिलांना अडीचला निघावं लागे आणि मी तेव्हा शाळेत. एकदा मी परत आले तर आई भरलेला डबा मांडीवर घेऊन रडत होती. वडिलांची सायकल पंक्चरच्या दुकानात होती म्हणून ते पायीच निघालेले, आणि तिच्या भाकरी व्हायच्या होत्या. तिला वाटत होतं, वेळ आहे. "राहू दे, भूक नाय मला," एवढं बोलून ते गेले. माणूस आठ तास मशीनवर उपाशी उभा राहणार, आणि तेही आपल्यामुळं, हे तिला सोसवत नव्हतं. मी मात्र मनातून वडिलांवर चिडले. अर्धा तास आधी ओरडून सांगायला काय झालं होतं?

तर अशा दिवसांत ते घर आलं, आणि घराबरोबर जादा कामाची यादी आली.

भिंती उभ्या राहिल्यावर बिल्डरचा सुपरवायझर एक टाईप केलेला कागद घेऊन आला. घराच्या किमतीत जे बसतं ते बसतं, त्याखेरीज काय हवं ते निवडायचं. शहाबादी फरशीऐवजी मोझॅक. कडप्प्याच्या ओट्याऐवजी ग्रॅनाईट. माळा. खिडक्यांना ग्रिल. जमिनीतला पाण्याचा हौद. सगळ्यात खाली नुसतं "इतर" लिहून मोकळी जागा. त्याच्या पिशवीत नमुने होते. त्यानं ग्रॅनाईटचा तुकडा माझ्या हातात दिला, तर त्यात मला माझे दात दिसले. असल्या दगडावर लोक कांदे चिरतात, हे मला खरंच वाटेना. आमच्याकडं दगड बघायचा तो वेरूळला, आणि त्यालाही हात लावू देत नसत.

वडिलांनी आधीच सांगितलं होतं की यादीतलं एकच काही झेपेल. ते कागद वाचायला लागले, पण सुपरवायझर आईकडं वळला. "भाभी, तुम्ही बोला. दादा तर दिवसभर कंपनीत. घरात तुम्हाला राहायचंय. तुम्हाला काय पायजे?"

आईनं मागं वळून बघितलं. तिच्यामागं कुणी नव्हतं. तिला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. लग्न ठरवताना नाही, गाव सोडताना नाही. "ह्यांना विचारा," ती कशीबशी म्हणाली. सुपरवायझरनं आठ दिवसांची मुदत दिली. त्या एका प्रश्नानं आई पुढचे आठ दिवस जमिनीपासून वीतभर वरून चालत होती, एवढं मला आठवतं.

त्या आठ दिवसांत तिनं मला घेऊन अख्खं बजाजनगर पालथं घातलं. ज्यांची घरं झाली होती त्यांच्याकडं आम्ही कुठल्या ना कुठल्या निमित्तानं शिरायचो. आई ओट्यावरून हात फिरवायची, माळ्याकडं मान वर करून बघायची. एका घरी हौदाचं झाकण उचलून दाखवलं, तर आत काळंभोर पाणी आणि त्यात आमच्या दोघींची तोंडं. घराच्या पोटात विहीर! मला गरगरलं. सगळ्या बायांचं एकच सांगणं होतं, दुसरं काही करू नको, हौद कर. चार-चार दिवसांनी नळ येतो, हौदाशिवाय कुत्रं हाल खाणार नाही. वडीलही तेच म्हणत होते. आई सगळ्यांना मान डोलवायची. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, ही तिची जुनी खोड होती, पण तोवर तिला 'मनाचे' करायची संधी कुणी दिली नव्हती.

आठव्या दिवशी सुपरवायझर आला. स्लॅबची सेंट्रिंग लागली होती. वडील म्हणाले, "हौद लिवा." त्यानं पेन उघडलं.

"हौद नको," आई म्हणाली.

सुपरवायझरनं पेन कागदावरून उचललं.

"मला सानं पायजे. सैपाकघरात. वरून."

सुपरवायझरला सानं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आईनं दोन्ही हातांनी चौकोन करून दाखवला आणि वर बोट केलं. त्याला कळलं, तसा तो पोट धरून हसला. "काय भाभी, मजाक करता काय! लोक स्लॅब गळतो म्हणून भांडायला येतात, अन् तुम्ही स्लॅबला भोक मागता? खिडकी हाये ना मागं!"

"खिडकीतून उजेड येतो. ऊन नाय येत," आई म्हणाली. मागची खिडकी दुसऱ्या रांगेच्या भिंतीला लागून होती, हे तिनं फक्कीच्या रेघांवरूनच हेरलं होतं.

मजूरही हसायला लागले. ते हसणं ऐकून माझी आईबद्दलची सगळी माया एका क्षणात उडाली आणि मला तिची लाज वाटली. हे मी आज कबूल करते. ती सानं का मागतेय, हे त्या माळावर मला एकटीला माहीत होतं, आणि तरी मी जमिनीकडं बघत होते. आई घामेजली होती, पण हात खाली घेत नव्हती. बोटांचा तो चौकोन तिनं तसाच डोक्यावर धरला होता.

वडील तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग सुपरवायझरला म्हणाले, "लिवा."

"दादा, पाणी आत आलं तर आमची जबाबदारी नाय."

"तेपण लिवा."

मला वाटलं, चारचौघांत बायकोला नको कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी मान तुकवली. 'इतर'च्या मोकळ्या जागेत सुपरवायझरनं लिहिलं : स्वयंपाकघराच्या स्लॅबला भोक, एक. खाली वडिलांनी सही केली.

ते भोक केलं कन्नडकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं. तो हसला नाही. "सानं व्हय? मग तसं सांगा की," म्हणाला. वर पाणी आत येऊ नये म्हणून त्यानं चारी बाजूंनी वीतभर कट्टा बांधला, खाली गज बसवले, आणि त्यावर जाड काच उताराला घातली. एक थेंब कधी आत आला नाही.

राहायला गेलो त्या दिवशी दूध उतू घातलं, पाहुणे जेवून गेले, आणि आई मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. वरून उन्हाचा एक सरळ खांब खाली उतरला होता. त्यात धुळीचे कण तरंगत होते, आणि फरशीवर ताटाएवढा पिवळा चौकोन पडला होता. एवढं सुंदर काही आमच्या मालकीचं असू शकतं, असं मला तोवर वाटलं नव्हतं. आईनं त्या उन्हात हात धरला. मग मला विचारलं, "किती वाजले?" मी हॉलमध्ये पळत जाऊन घड्याळ बघितलं. एक वाजला होता. तिनं चौकोनाच्या कडेला कोळशानं रेघ मारली. दोनला दुसरी, अडीचला तिसरी, अगदी ओट्याच्या पायापाशी. थंडी पडली तशा रेघा सरकल्या, उन्हाळ्यात पुन्हा मागं आल्या, पण त्यातलं गणित तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. त्यानंतर डबा कधी चुकला नाही, आणि तिनं मला वेळही कधी विचारली नाही.

हौद नसल्याची शिक्षा मात्र आम्ही दहा-बारा वर्षं भोगली. ड्रम, हंडे, घागरी, बादल्या. घरात पाऊल ठेवायला जागा नसे. शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय वो, आज सान्यातून नळ आला का?" आई हसायची आणि घागर उचलायची.

मग मी लग्न होऊन गेले, आणि धाकट्या भावाचं लग्न ठरलं. रांगेतल्या सगळ्यांनी वर मजले चढवले होते. भावानंही दोन खोल्यांचा नकाशा काढला. एक हॉलवर, एक स्वयंपाकघरावर. सान्यावर फरशी पडणार होती. आईला विचारलं, तर म्हणाली, "बुजवा की. पोराला खोली पायजे." आणि लगेच भांडी घासायला बसली. मी त्या वेळी माहेरी आले होते. तिच्या हातातलं पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी ती ते घासत होती.

दुपारी गच्चीवर वडील, भाऊ आणि ठेकेदार उभे होते. मीही वर गेले. वडील म्हणाले, "खोली एकच होईल, हॉलवर. मागची अर्धी गच्ची मोकळी राहील."

"एका भोकासाठी अर्धा मजला सोडायचा?" भाऊ चिडला. "ट्यूब लावून देतो ना आईला!"

"एकच खोली," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही, पण भाऊ पाय आपटत खाली गेला आणि त्याच्यामागं ठेकेदारही.

वडील सान्याच्या कट्ट्यावर टेकले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. इकडंतिकडं बघून हळू आवाजात ते म्हणाले, "तुज्या आईला घड्याळ नाय कळत."

मी त्यांच्याजवळ सरकले. "तुम्हाला कव्हा कळलं?"

"लग्न झाल्यावर आठ दिवसांनी."

मी हिशेब लावत बसले. पत्र्याच्या खोलीत दुसऱ्या पाळीला निघायच्या बरोबर अर्धा तास आधी ते सायकल दारात काढून फडक्यानं पुसत बसायचे. मला वाटायचं, काय हा सायकलीचा सोस. ती सायकल पुसायला लागले की आई तवा चढवायची. आणि डबा राहिला तो दिवस सायकल पंक्चरच्या दुकानात होती. मी डोकं खाजवून आठवलं, पण वडिलांनी उभ्या आयुष्यात आईला "किती वाजले?" असं विचारल्याचं मला एकदाही आठवेना.

"तिला सांगू नको," ते म्हणाले. "तिला वाटतं मला म्हाईत नाय."

मी गळ्याला हात लावला. तीच शपथ, दुसऱ्यांदा.

एवढ्यात खालून, काचेआडून, आईचा आवाज आला. "अवो, खाली या दोघं. एक वाजला, पानं घेतलीत."

वडिलांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं, मला दाखवलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.