बोटभर उतार

निकिफोर लुकिच प्लेशाकोव्ह गेले त्याला या मार्चमध्ये अकरा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही. नीट लिहू शकणारे आता उरलेही नाहीत, म्हणून मी लिहितो आहे.

लुकिच आमच्या संस्थेत नळ्यांचे वेल्डर होते. आमचं गाव अणुभट्टीवर जगणारं. संस्थेच्या मोठ्या दालनात भट्टीची पाच मजली प्रतिकृती उभी होती. आत युरेनियमऐवजी विजेवर तापणाऱ्या कांड्या. पंप बंद पडले तरी पाणी आपोआप फिरतं का, एवढंच तपासायचं होतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, वरच्या बाष्पजनित्रात उष्णता सोडतं आणि जड होऊन खाली येतं. वीज गेली तर भट्टीला तेवढाच आधार.

लुकिचना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. नदीपलीकडच्या अर्ध्या घरांत गरम पाण्याच्या नळ्या त्यांनीच बसवल्या होत्या, बिनपंपाच्या. खाली लाकडाची शेगडी, भिंतीकडेने नळी, मीटरला बोटभर उतार. वीज गेली तरी ती घरं उबदार राहत. मोबदल्यात ते मुरंब्याची बरणी घेत, आणि रिकामी बरणी धुऊन परत करत.

सत्त्याऐंशी साली, संस्थेत नवखा अभियंता असताना, प्रतिकृतीच्या भट्टीतून वर जाणारी गरम नळी मी आखली. मध्ये एक तुळई येत होती, म्हणून नळी तिच्यावरून वळवून पुन्हा खाली आणली. लुकिचनी कागद उजेडात धरला.

"केशा, हे उंटाचं कुबड कशाला काढलंस?"

"तुळई येते ना मध्ये."

"मग खालून ने. नाहीतर माथ्यावर हवा सोडायला नळ दे. तिथं हवा अडकून बसेल."

"पंप ढकलेल तिला."

"आणि पंप बंद असताना कोण ढकलेल? तुझी सासू?"

आजूबाजूचे हसले. माझं तर लग्नही झालं नव्हतं. आराखड्यावर तीन सह्या होत्या. बदल करायचा तर तिन्ही दारं पुन्हा ठोठावायची. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं. "आराखड्याप्रमाणेच करा," मी म्हणालो.

"जशी आज्ञा, इनोकेंती पाव्लोविच." केशा सोडून त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं, आणि तंतोतंत तसंच केलं. सही झालेल्या कागदाबाहेर आमच्याकडचा कुठलाही वेल्डर हात हलवत नसे.

चाचणीत पंप बंद केले. प्रवाहाचा काटा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. कांड्या तापत गेल्या, शेवटी वीज तोडावी लागली. तीनदा हेच झालं.

"वेल्डिंगचे गोळे आत लोंबून पाण्याची वाट अडवत असणार," विभागप्रमुख तमारा ओसिपोव्हना म्हणाल्या. "लुकिच, तुम्हाला दिसतं ना नीट?"

"दिसतं. सांधे कापून बघा."

"कापायला महिना लागेल. तपासणी समिती शुक्रवारी येतेय."

म्हणजे शुक्रवारच्या अहवालात दोषी म्हणून लुकिचचं नाव जाणार होतं. सहावी श्रेणी, वेल्डरची सगळ्यात वरची, काढून घेतली असती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

गुरुवारी उपाहारगृहात मी त्यांच्यासमोर बसलो.

"तुम्ही सांगत का नाही?"

"काय सांगू? या पोरानं सांगितलं म्हणून केलं? माझ्या वयाला शोभेल का ते?" त्यांनी माझी ताटली पुढे सरकवली. "जेव. गार होतंय."

मी ताटली तशीच ठेवली. तसाच उठून तिसऱ्या मजल्यावर गेलो. तमारा ओसिपोव्हनांनी सगळं ऐकून घेतलं.

"तोंडी नको," त्या म्हणाल्या. "लिहून दे. सही कर."

पाच ओळी लिहिताना मी दोन कागद फाडले.

सोमवारी लुकिचनी त्या वळणाच्या माथ्यावर अंगठ्याएवढा नळ जोडला. तो उघडल्यावर मिनिटभर हवा फुसफुसत राहिली, मग पाणी आलं. पंप बंद केले. काटा शून्यावर गेला, थांबला, आणि हळूहळू वर सरकू लागला. लुकिचनी नळीला कान लावला.

"चाललंय," ते म्हणाले, आणि हत्यारं आवरायला लागले.

लुकिच सहाव्या श्रेणीवरच निवृत्त झाले. माझी बढती तीन वर्षं अडली. ते संस्थेत असेपर्यंत प्रत्येक नवा आराखडा सहीला पाठवण्याआधी मी खाली त्यांच्याकडे नेत असे. ते हात पुसून चष्मा लावत आणि अर्धा तास बघत बसत. मी शेजारी उभा असे. नोकरीतले तेवढेच अर्धे तास मला आता पुन्हा हवेसे वाटतात.