थंड ड्रम आणि जळक्या लायनरचा वास

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली प्रतिक्रियांमध्ये मला कुणी मांत्रिकाचा पत्ता देणार नाही. मी मेकॅनिक माणूस. गाडीतून जळका वास आला की त्याला कारण असतं... क्लच प्लेट जळते, वायर वितळते, नाहीतर ब्रेक धरून बसतो. तिन्हींचे वास वेगळे, आणि मला ते झोपेतसुद्धा ओळखता येतात. त्यामुळे हा प्रकार माझ्याच गाडीत आणि माझ्याच नाकासमोर घडावा, याचा मला अजून राग येतो.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. तासगावात माझं गॅरेज होतं आणि एक जुनी काळी मोटार होती, जी मी भाड्यानेही द्यायचो. माझा धाकटा भाऊ संपत मिलिटरीत ड्रायव्हर, उत्तरेकडे डोंगरात पोस्टिंग. रजा संपवून तो निघाला होता. मिरजेला दुपारची पुण्याची गाडी पकडायची होती. आदल्या वर्षी आत्तीच्या आजारपणात त्याची रजा लांबली होती आणि साहेबानं तंबी दिली होती, पुन्हा उशीर झाला तर दंडावरची फीत जाईल. म्हणजे गाडी चुकवून चालणारच नव्हतं.

आत्ती म्हणजे आमच्या वडिलांची बहीण. आई लवकर गेली, आम्हा दोघांना हिनंच वाढवलं. स्टेशनपर्यंत येणार म्हणून ती हट्टानं मागच्या सीटवर बसली. शेजारी इलाहीभाई, आमच्या पेठेतले द्राक्षांचे व्यापारी, मांडीवर द्राक्षांची पेटी घेऊन. त्यांना सांगलीत उतरायचं होतं. पुढे मी आणि संपत.

कवठे एकंद यायच्या आधीच वास आला. ब्रेकचं लायनर जळतं तो कडवट, घशाला लागणारा वास.

"आरं, काय जळतंय रं?" आत्ती म्हणाली.

"कवठ्यात शोभेची दारू करत्यात, तिचा असंल," इलाहीभाई म्हणाले.

दारूचा वास वेगळा, एवढं मला कळतं. हँडब्रेक बघितला, तो सुटलेला होता. गाडी कडेला घेतली, खाली उतरून चारही चाकांच्या ब्रेकच्या ड्रमना हात लावला. थंड! रस्ता सपाट, ब्रेक जेमतेम दोनदा दाबलेला, ड्रम तापणार तरी कशानं? बॉनेट उघडून वायरिंग बघितलं. क्लच बघितला. काही नाही.

"दादा, मला तर कसलाच वास येत न्हाई," संपत म्हणाला.

"सर्दी झालीया तुला."

"कसली सर्दी! आत्तीनं पिशवीत लसणाची चटणी बांधलीया, तिचा येतोय की चांगला."

त्याचं नाक लहानपणापासून तिखट. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते हा गल्लीच्या तोंडाला सांगायचा. आणि गाडीभर पसरलेला जळका वास त्याला येत नाही म्हणे! मला वाटलं माझी चेष्टा करतोय.

पुन्हा निघालो. कवलापूर ओलांडलं आणि वास परत आला, आता इतका दाट की इलाहीभाईंनी नाकाला रुमाल लावला.

"या अल्ला, काच खाली करा कुणीतरी. ह्या वासात माझा माल बाजारात कोण घील?"

मी पुन्हा थांबलो. पुन्हा ड्रम थंड. आता माझं डोकं तापलं. तेवढ्यात आत्ती मागून हळूच म्हणाली, "आरं... त्येलाचा तर न्हवं?"

"कसलं तेल?"

"मगा निघताना चाकात घातलं की. लेकरू लांब चाललं, म्हणून."

झालं! आमच्याकडे पूर्वी बैलगाडी लांबच्या वाटेला निघाली की घरातली बाई आसाला तेल घालायची, वाट सुखाची व्हावी म्हणून. आत्तीनं तोच मान माझ्या मोटारीला दिला होता. वाटीभर करडईचं तेल, चाकावर!

"आवं आत्ती, ही काय बैलगाडी हाय व्हय? ब्रेकला तेल लागलं तर गाडी थांबायची कशी?"

"वरडू नगंस. बैलाला कवा ब्रेक हुता?"

इलाहीभाई हसले. मी हसलो नाही. भर उन्हात जॅक लावला. डाव्या बाजूच्या मागच्या चाकावर तेलाचे ओघळ दिसत होते, म्हणून तेच खोललं. मनातून मी खूश होतो, कारण सापडलं होतं. ड्रम काढला... आणि आत लायनर कोरडं ठणठणीत. तेल सगळं बाहेर, रिमवर आणि टायरवर. आत एक थेंब नाही. ब्रेकचे शू मोकळे, स्प्रिंग जागेवर, ब्रेक-ऑईलचा सिलिंडर कोरडा. ड्रम आतून थंड. आणि मी त्या ड्रमशी नाक नेलं तर जळका वास असा भपकन आला की मी मागे सरकलो.

"घे, आता तरी घे वास!" मी ड्रम संपतच्या तोंडासमोर धरला.

त्यानं मनापासून वास घेतला. "ब्रेकच्या धुळीचा येतोय. जळका न्हाई."

"आम्हा तिघांना येतोय आन तुला येत न्हाई?"

"मग तुमा तिघांचीच नाकं तपासा की. दादा, उगं येळ घालवतूस. माझी गाडी चुकंल!"

मग मात्र माझा तोल गेला. हातात पाना, कपाळावर घाम, रस्त्यावरचे लोक थांबून बघतायत... मी त्याला नको नको ते बोललो. "मिलिटरीत काय शिकवत्यात रं तुला? तुझं नाक म्हंजे काय सरकारी मीटर हाय व्हय? गाडीत कुणालाबी वास आला, तर थांबायचं! तुला येवो न येवो! खाली उतरायचं आन ड्रम बघायचा! कळलं का?"

 तो तोंड फिरवून रस्त्याकडेच्या उसाकडे बघत बसला.

चाक चढवलं. सांगलीत इलाहीभाईंना उतरवलं, मिरज गाठलं तेव्हा गाडी लागलेली होती. संपत धावत चढला. आत्ती त्याला हात करत राहिली, मी नुसता उभा राहिलो. भावाला निरोप देताना चार शब्द गोड बोलता आले नाहीत, त्याचं वाईट वाटत होतं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त त्या वासाचा वैताग होता.

कारण परतीच्या वाटेवर वास नाही! तोच रस्ता, तीच गाडी, तेच तेल लागलेलं चाक. गॅरेजला येऊन चारही ड्रम उतरवले. सगळं ठीक. त्यानंतर ती गाडी विकेपर्यंत तो वास मला कधी आला नाही.

संपत पुढच्या रजेवर आला तेव्हा त्यानं सांगितलं. जेवणं झाली होती, आत्ती सुपारी कातरत होती.

"तिकडं डोंगरात घाट उतरत हुतो," तो म्हणाला. "मागं-फुडं आमच्याच गाड्या, माझ्या गाडीत मागं जवान बसल्यालं. शेजारचा म्हणाला, उस्ताद, जलने की बू आ रही है. मला काय बी येत न्हवतं, दादा. जरासुदीक न्हाई."

"मग?"

"कडंला घेतली. मागच्यांनी हॉर्नचा दंगा केला, सुभेदारसाहेब शिव्या देत आले. म्या उतरून ड्रमवर पाणी वतलं तर चर्र करून वाफ आली. सील वितळलं हुतं, ब्रेकचं ऑईल सगळं रस्त्याला. पेडल दाबलं तर खाली तळाला गेलं. आन फुडं वळण... त्येच्या खाली दरी."

आत्तीचा अडकित्ता थांबला.

"चाक कुठलं?" मी विचारलं. 

"डाव्या अंगाचं मागलं."

मिलिटरीच्या डॉक्टरकडून त्यानं नाक तपासून घेतलं होतं. नाकात काही दोष नव्हता. मीही पुढे बऱ्याच जाणत्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं पूर्वसूचना, कुणी म्हणालं योगायोग. पूर्वसूचना द्यायची तर ज्याच्या जिवावर बेतणार त्याला द्या ना! त्याला सोडून गाडीतल्या बाकी सगळ्यांना देण्यात काय अर्थ? आणि योगायोग म्हणावा, तर थंड ड्रमला जळका वास येतो कसा? आयुष्यभर ब्रेक खोलले मी, माझ्याकडे याचं उत्तर नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, फक्त शांतपणे सांगा, माझा या बाबतीत पेशन्स संपलेला आहे.

संपतनं हे सांगितलं त्या दिवशी मी त्याला एवढंच विचारलं, "तुला वास आला न्हाई, मग साहेबाच्या शिव्या खायला थांबलास कशाला?"

तो आत्तीपुढची सुपारी निवडत होता. वर न बघता म्हणाला, "तू कवलापुराफुडं केवढा चिडला हुतास... मला वाटलं, न थांबता तसाच गेलो, तर घरी आल्यावर तू मला सोडशील व्हय?"

आत्ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मी त्याच्यावरच पुन्हा ओरडलो.