हिमोग्लोबिन तीन पॉइंट दोन

तेव्हा मी वसई स्टेशनजवळच्या एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात नोकरीला होते. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम आमच्याकडे होतं. रक्त तपासणारं मशीन आकडे पाठवायचं, सी भाषेत लिहिलेलं एक मॉड्यूल ते वाचायचं आणि पायथन या दुसऱ्या भाषेतला प्रोग्राम रिपोर्ट छापायचा.

एका सकाळी लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "राजोडीची एक बाई आलीये, सातवा महिना. तुमच्या कागदावर हिमोग्लोबिन तीन पॉइंट दोन. नवरा रडतोय. मी हाताने पुन्हा केलं, तर तेरा पॉइंट दोन."

आकड्यातला पहिला अंक गळत होता. साखरेच्या रिपोर्टात गळला असेल तर दोनशे शहाण्णवचे शहाण्णव झाले असणार, आणि तो माणूस निर्धास्त घरी गेला असणार.

मॉड्यूल आत काय करतंय ते बघायचं तर त्याची डीबग आवृत्ती, म्हणजे ओळीओळीला थांबवून तपासता येणारी, बांधायला हवी. पण कोडचे तुकडे जोडून देणारा लिंकर अडून बसला. नावाच्या शेवटी '_d' असलेली पायथनची लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाईल, त्याला हवी होती आणि आमच्याकडे साधीच होती. मी तिचीच कॉपी त्या नावाने ठेवली. आता पायथनची आतली फंक्शनं सापडत नाहीत म्हणून नव्या चुका. तिकडे लॅबमध्ये लोक रक्त देतच होते.

ऑफिसातली सीनियर, जिला मी ताई म्हणायचे, शेजारी येऊन बसली. "नाव बदलून नाही भागायचं. डीबग म्हटलं की आपल्या कोडमध्ये घेतलेली पायथनची हेडर फाईलच ती लायब्ररी मागते. तेवढी फाईल घेताना डीबगची खूण काढ, मग परत लाव."

"आणि क्रॅश झालं तर?"

"तर पायथनचा मूळ कोड आणून अख्खं पायथन डीबगमध्ये बांधू. आधी हे कर."

केलं, आणि लिंक झालं. एकेक ओळ चालवत गेले तेव्हा दिसलं, आकडा कधीकधी दोन तुकड्यांत येत होता आणि मॉड्यूल पहिला तुकडा टाकून देत होतं.

दुरुस्ती केली. डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या स्वतःच्या नोंदींशी जुने रिपोर्ट ताडून लोकांना परत बोलावलं. मी तिथे नवीन मॉड्यूल बसवत असताना सांडोरचे एक काका लंगडत आले. पायाची जखम भरत नव्हती.

"साखर नॉर्मल सांगितलेली, म्हणून गप्प बसलो," ते म्हणाले.

मला मान वर करवेना. त्यांचा पाय वाचला, हे पुढे डॉक्टरीणबाईंकडूनच कळलं.